बोटीच्या ट्रेलरचं चाक का तापतं?

मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे अमेरिकेतला मेमोरियल डे. जोडून सुट्टी येते आणि सगळे तळ्यांकडे पळतात. त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मिशिगनमध्ये उत्तरेकडे निघालात, तर हायवेच्या कडेला एखादी तरी बोट उभी दिसते. आसपास पाण्याचा टिपूस नाही, ट्रेलर एका अंगाला कललेला, एक चाक निखळलेलं, आणि मालक कानाला फोन लावून येरझाऱ्या घालतोय.

चार वर्षांपूर्वी तो मालक मी होतो. ग्रँड रॅपिड्सहून यूएस-१३१ हायवेने कॅडिलॅककडे निघालो होतो, तिथल्या लेक मिचेलमध्ये आमची सतरा फुटी सेकंडहँड बोट सोडायला. जळका वास आला तेव्हा वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग शेजारून जाणाऱ्या एकाने हात करून मागे बघायला खुणावलं. उतरून बघतो तर डाव्या चाकाच्या मधल्या टोपीतून ग्रीस पातळ होऊन रिमभर उडालेलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर, इचलकरंजीत वाढलेलो, उसाच्या ट्रॉल्यांची बेअरिंगं बदलणारे मिस्त्री लहानपणापासून बघितलेले. तरी शहाण्यासारखं त्या टोपीला बोट लावलं आणि फोड आणला.

तेव्हापासून इथले ओळखीचे बोटवाले मला एकच प्रश्न विचारतात: ‘ट्रेलरला इंजिन नाही, गिअर नाही, चाक आपलं नुसतं मागून फिरत येतं. मग ते एवढं तापतं कशाने?’ प्रश्न रास्त आहे. आणि उत्तराचा मोठा भाग रस्त्यावर नाही, पाण्यात आहे.

चाकाच्या पोटात काय असतं?

बैलगाडी आठवा. लोखंडी आस, तिच्यावर फिरणारा तुंबा आणि दोघांच्या मध्ये वंगण. वंगण संपलं की गाडी कुरकुरायची, पण तिचा वेगच इतका कमी की घासत घासत का होईना, घरापर्यंत यायची.

ट्रेलरलाही आस असते, तिला एक्सल म्हणतात. तुंब्याला हब म्हणतात. फरक असा की इथे घासण्याऐवजी लोळण्याची सोय केलेली असते. जड कपाट सरकवताना आपण खाली पाइपचे तुकडे टाकतो, तसे एक्सल आणि हबच्या मध्ये पोलादी रोलर टाकलेले असतात. ही सोय म्हणजे बेअरिंग. रोलर सरळ दंडगोल नसतात, कुल्फीसारखे एका टोकाला निमुळते असतात. एका हबमध्ये अशी दोन बेअरिंगं बसतात, आतल्या बाजूला मोठं आणि बाहेरच्या बाजूला लहान, उतार एकमेकांच्या विरुद्ध दिशेने. त्यामुळे चाक वजनही पेलतं आणि वळणावर येणारा आडवा रेटाही सोसतं. ही कल्पना रुळवली सेंट लुइसच्या हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या कारखानदाराने. त्याचं पेटंट १८९८ चं आहे. म्हणजे हे बेअरिंगही मूळचं गाडीवानाघरचंच.

रोलर ज्या आतल्या कडीवर लोळतात तिला कोन म्हणतात, बाहेरच्या कडीला कप. रोलर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून पत्र्याची जाळी असते. सगळ्यांना ग्रीसने माखायचं, आतल्या तोंडाला रबराचं ऑइल सील बसवायचं, एक्सलच्या बाहेरच्या टोकाला हब धरून ठेवणारा नट लावायचा, वरून टोपी ठोकायची. एवढाच संसार.

ग्रीसबद्दल एक गैरसमज आधीच काढतो. ग्रीस म्हणजे घट्ट तेल नव्हे. ते साबणासारख्या पदार्थाच्या जाळ्यात अडकवून ठेवलेलं तेल असतं. स्पंजात पाणी असतं तसं. काम करतं ते तेलच. त्याचा जो थर रोलर आणि कडीला एकमेकांपासून दूर ठेवतो, तो माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून पातळ असतो. तेवढा थर शाबूत असला की पोलाद पोलादाला शिवतच नाही.

आता वेगाचा हिशोब. लहान बोटींच्या ट्रेलरना बारा-तेरा इंची रिमची चाकं असतात. बारा इंची रिमवरच्या टायरचा घेर धरा १.६ मीटर. ताशी १०० किलोमीटरला ते चाक मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतं. त्याच वेगाला ओढणाऱ्या गाडीचं मोठं चाक सातशे-आठशे घेतं. म्हणजे जोडीतलं सर्वांत छोटं चाक सर्वांत जास्त पळतं, आणि त्याचीच चौकशी सर्वांत कमी होते.

तापतं कशाने?

निरोगी बेअरिंगही थोडं कोमट होतंच. ग्रीस मळलं जातं, सीलचं ओठ घासतं, त्याची ऊब येते आणि वाऱ्याने निघून जाते. जेवढी ऊब तयार होते तेवढीच निघून गेली तर तापमान एका जागी थांबतं. तयार जास्त व्हायला लागली की चढत राहतं.

जास्त तयार व्हायची कारणं मोजकी आहेत. तेलाचा थर तुटला. पृष्ठभाग खडबडीत झाला. नट जास्त आवळला गेला. वजन जास्त पडलं. किंवा ग्रीस इतकं ठासून भरलं की रोलरना त्यातून वाट काढायलाच कष्ट पडतात.

ही कारणं एकमेकांना खतपाणी घालतात, हे खरं दुखणं. बेअरिंग आवळलेलं असेल तर तापतं. तापलं की लोखंड फुगतं. हबला वारा लागतो, आतल्या कोनला लागत नाही, म्हणून आतली कडी बाहेरच्या कडीपेक्षा जास्त फुगते. मधली जागा आणखी कमी होते, पकड आणखी घट्ट होते. ग्रीस पातळ होऊन बाहेर पळतं. सुरुवातीला हळूहळू चढणारं तापमान मग एकदम उसळतं. पन्नास किलोमीटर काही नाही आणि पुढच्या दहा किलोमीटरमध्ये चाक गेलं, असं लोक सांगतात ते खोटं नसतं.

पाण्याचा काय संबंध?

सकाळी गरम भाजी स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलंत, तर दुपारी ते झाकण उघडता उघडत नाही. आतली गरम हवा थंड होऊन आकसते, आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते.

ट्रेलरच्या हबचं नेमकं हेच होतं. दोन तास हायवेवर धावून आलेला हब समजा ६० अंश सेल्सिअसवर आहे. तुम्ही सरळ रॅम्पवर गाडी मागे घेता. तो पाण्यात उतरता उतार, जिथून बोट सोडतात. मेअखेरीस मिशिगनच्या तळ्याचं पाणी असतं साधारण १५ अंश. तापलेला हब त्या पाण्यात बुडतो. आतल्या पोकळीतली हवा ४५ अंशांनी थंड झाली तर तिचा दाब तेरा-चौदा टक्क्यांनी उतरतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर सुमारे १.४ मीटर उंचीच्या स्तंभाइतकी ओढ तयार होते. शिवाय हब पाण्याखाली असतो त्या खोलीचा दाब वेगळा.

डब्याच्या झाकणाला ती ओढ सोसते. पण हबच्या पाठीमागचं सील बनवलेलं असतं आतलं ग्रीस बाहेर पडू नये म्हणून. त्याचं ओठ झिजलेलं असेल, किंवा एक्सलवर ते जिथे टेकतं तिथे गंजाची खरड असेल, तर पाणी चोरपावलांनी आत येतं. चमचाभर पुरतं.

आणि हे पाणी लगेच काही करत नाही, म्हणूनच सगळे फसतात. सप्टेंबरमध्ये शेवटची फेरी मारून बोट घरामागे ताडपत्री घालून ठेवली जाते. एप्रिलपर्यंत चाक हलत नाही. पाणी रोलर आणि कपच्या मध्ये, बरोबर टेकलेल्या रेषेवर, बसून राहतं. तिथे गंज धरतो. उघडून बघितलं तर कपच्या आत समान अंतरावर काळपट आडव्या रेघा दिसतात, जितके रोलर तितक्या. अंगणात वर्षभर ठेवलेली लोखंडी खुर्ची उचलली की फरशीवर पायांचे डाग राहतात ना, तशा.

मे महिन्यात चाक फिरायला लागतं तेव्हा प्रत्येक रोलर त्या खड्ड्यांवरून मिनिटाला हजारो वेळा जातो. खड्ड्याच्या कडा तुटतात, पोलादाचे कण ग्रीसमध्ये मिसळतात, ते कण पुढे सँडपेपरसारखं काम करतात. दुखापत सप्टेंबरमधली, मुक्काम हिवाळाभर, आणि बोभाटा मेमोरियल डेच्या हायवेवर. मालक मात्र म्हणतो, ‘गेल्या हंगामात तर व्यवस्थित चालत होतं.’

समुद्राचं पाणी असेल तर हे सगळं लवकर. कोकणात किंवा गोव्यात जेट स्की छोट्या ट्रॉलीवरून वाळूतून पाण्यात ढकलतात. तिथे अंतर काही मीटरांचं, वेग माणसाच्या चालीचा, त्यामुळे बेअरिंग तापायची वेळच येत नाही. ते गंजून जाम होतं. रोग तोच, लक्षण निराळं.

किती गरम म्हणजे जास्त गरम?

इथे सगळ्यांना एक आकडा हवा असतो. माझ्या अनुभवात चांगला हब तासाभराच्या प्रवासानंतर बाहेरच्या हवेपेक्षा वीस-तीस अंश सेल्सिअसने वर असतो. पण आकड्यापेक्षा तुलना जास्त सांगते. डावं चाक उजव्याशी ताडून बघा. चार चाकांचा ट्रेलर असेल तर चारही. एका बाजूला ऊन असेल तर ते चाक थोडं जास्त गरम लागणारच, तेवढी सूट द्या. तीन हब ४५ ला आणि चौथा ७० ला असेल, तर चौथ्याचं काहीतरी बिनसलंय, मग ७० हा आकडा ‘चालतो’ असं कोणी कितीही सांगो.

हाताने बघायचं तर लेकराचा ताप बघतो तसं, उलटा पंजा आधी जवळ नेऊन, मग टेकवून. पाच-सहा सेकंद सहज धरवला तर पन्नासच्या आतबाहेर. टेकवताच काढून घ्यावा लागला तर साठच्या वर. आधीच धग जाणवत असेल तर टेकवूच नका, माझा फोड आठवा. त्याऐवजी पाण्याचे दोन थेंब उडवा. चुर्र आवाज आला तर शंभरी ओलांडली.

तापमान मोजायची बंदूक, म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर, बाजारात स्वस्त मिळते आणि ती घ्यावीच. पण तिची एक खोड आहे. ती वस्तूतून निघणारी उष्णतेची किरणं मोजते, आणि चकचकीत धातू तशी किरणं फार कमी सोडतो, उलट आजूबाजूची परावर्तित करतो. त्यामुळे क्रोमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या टोपीवर नेम धरलात तर तापलेला हबही थंड दिसतो. हबच्या रंगवलेल्या भागावर मोजा, किंवा उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका चारही हबांवर एकाच जागी मारून ठेवा. मी तेच केलंय.

मोजायचं थांबल्यावर लगेच, आणि थांबताना करकचून ब्रेक न मारता. पहिला थांबा तीस-चाळीस किलोमीटरवर घ्या, पुढचा त्यानंतर तासाभराने. दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा, कारण चढण बघायची आहे.

चढण बघणं किती महत्त्वाचं असतं याचं उदाहरण ओहायोत घडलं. ३ फेब्रुवारी २०२३ ला ईस्ट पॅलेस्टाइन गावाजवळ नॉरफोक सदर्न कंपनीची मालगाडी घसरली. ३८ डबे रुळांवरून उतरले, काहींत विषारी रसायनं होती. मूळ कारण एका डब्याच्या चाकाचं तापलेलं बेअरिंग. रुळांच्या कडेला अशी बेअरिंगं हेरणारी यंत्रं होती. पहिल्या यंत्राने ते बेअरिंग बाहेरच्या हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइटने गरम नोंदवलं. पुढच्याने १०३ अंशांनी. गाडी थांबवण्याचा कंपनीचा नियम १७० पासून सुरू होत होता, म्हणून गाडी पुढे निघाली. त्यानंतरचं यंत्र सुमारे तीस किलोमीटरवर होतं. तिथे आकडा आला २५३, आणि तोवर उशीर झाला होता. ३८ आणि १०३ हे दोन्ही आकडे सुटे बघितले तर ‘मर्यादेत’ होते. एकापाठोपाठ एक वाचले असते तर वेगळंच काही सांगत होते. शिवाय बाहेरून मोजलेलं तापमान बेअरिंगच्या आतल्या तापमानाच्या मागे असतं, हेही त्या तपासात पुढे आलं. बोटीच्या ट्रेलरलाही हे दोन्ही नियम लागू पडतात.

बेअरिंग की ब्रेक?

२२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसचे प्रवासी आग लागल्याच्या अफवेने खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. त्या दिवशीच्या बातम्यांत रेल्वे अधिकाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येत होतं: ठिणग्या ‘हॉट एक्सल किंवा ब्रेक बाइंडिंग’मुळे उडाल्या असाव्यात. अनेकांनी मला विचारलं की हे दोन एकच का? नाहीत. हॉट एक्सल म्हणजे बेअरिंग तापणं. ब्रेक बाइंडिंग म्हणजे ब्रेक सुटायला हवा तेव्हा न सुटणं. बाहेरून दोन्हींचा अवतार सारखाच: धग, वास, धूर, कधी ठिणग्या.

बोटीच्या ट्रेलरवर तर हा घोटाळा रोजचा. थोड्या मोठ्या ट्रेलरना स्वतःचे ब्रेक असतात. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर मागून तिच्यावर रेलतो, त्या रेट्याने जोडावरचा दट्ट्या दाबला जातो आणि चाकांचे ब्रेक लागतात. तो दट्ट्या गंजून अडकला, किंवा चाकातले ब्रेक पाण्यात बुडून बुडून जाम झाले, तर ब्रेक अर्धवट लागलेलेच राहतात. मालक बेअरिंगं बदलतो, चाक तरी तापतं. पुन्हा बदलतो.

ओळखायचं असं. ब्रेक असेल तर ड्रमची, म्हणजे ब्रेकवरच्या गोल भांड्याची, बाहेरची कड मधल्या टोपीपेक्षा जास्त गरम असते; बेअरिंग असेल तर उलटं. पण ड्रम आणि हब बहुधा एकाच ओतकामाचे असतात, पंधरा मिनिटांत उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि मग काही कळत नाही. म्हणून थांबल्या थांबल्या मोजायचं. वासही सांगतो: ब्रेकचा वास घाटात उतरणाऱ्या ट्रकसारखा उग्र, करपलेल्या ग्रीसचा कढई जळाल्यासारखा. दोन्ही चाकं सारखीच तापली असतील तर संशय आधी ब्रेकच्या जोडावर घ्या. दोन्हीकडची बेअरिंगं एकाच दिवशी सारखीच बिघडणं दुर्मीळ.

आणि टायरची कूस गरम, हब मात्र कोमट, असं असेल तर हवा कमी आहे. हवा भरा आणि निघा.

चाक उचलून बघताना

घरी, सपाट जागेवर, दुसऱ्या चाकाला लाकडी ठोकळे लावून ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच चाक जॅकवर घ्या. हाताने फिरवा. चांगलं चाक आवाज न करता फिरतं आणि हळूहळू थांबतं. ‘शिस्स’ असा एकसारखा आवाज ब्रेकचा. दगडी जात्यासारखी घरघर आली तर बेअरिंग गेलं. ऐकू येत नसेल तर एका हाताने चाक फिरवत दुसरा हात स्प्रिंगच्या पट्ट्यांवर ठेवा. कानाला न कळणारी खरखर हाताला कळते. ही युक्ती मला इंजिनिअरिंग कॉलेजात कोणी शिकवली नाही; ट्रॉलीच्या चाकापाशी उकिडव्या बसलेल्या मिस्त्रींना बघून कळली.

मग टायर वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. अगदी किंचित हालचाल असायलाच हवी. या बेअरिंगांना थोडी सैल जागा लागते, पाव दशांश ते सव्वा दशांश मिलिमीटरच्या आसपास. वहीचा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. डोळ्यांना सहज दिसेल इतकं चाक डुलत असेल तर नट ढिला आहे किंवा बेअरिंग झिजलंय. अजिबात हलत नसेल तर आवळ जास्त झालाय, आणि ते डुलण्याइतकंच वाईट.

टोपी काढल्यावर ग्रीसचा रंग बघा. मूळ रंग टिकून असेल तर छान. चहात दूध घातल्यासारखं फिकट, ढवळलेलं दिसलं तर पाणी गेलंय. काळं आणि कडक असेल तर जळलंय. बोटांत चोळून उन्हात धरा. चकाकणारे कण म्हणजे पोलाद निघायला लागलं. बेअरिंग रॉकेलने धुऊन बघितलं आणि पोलादावर गव्हाळ पिवळी झाक दिसली, तर ते साधारण २०० अंशांपलीकडे जाऊन आलंय. निळी दिसली तर ३०० च्या आसपास. माझं निळं झालं होतं, मोरपिशी म्हणावं इतकं. दिसायला सुंदर. अशा पोलादाचा कडकपणा उतरलेला असतो, ते पुन्हा वापरायचं नाही.

‘पण मी दरवर्षी ग्रीस मारतो!’

बहुतेक बोटवाल्यांच्या ट्रेलरला स्प्रिंगची टोपी असते, बेअरिंग बडी या नावाने ती ओळखली जाते. बाहेरून ग्रीसगनने ग्रीस भरायचं, आतली स्प्रिंग त्या ग्रीसवर हलका दाब ठेवते, जेमतेम ३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). मघाशी आपण जी १.४ मीटरची ओढ काढली, ती सुमारे २ पीएसआय होते. म्हणजे हिशोब बरोबर बसतो: आतून थोडा जास्त दाब असला की पाणी शिरत नाही. कल्पना उत्तम आहे, मी स्वतः वापरतो.

गडबड होते ती माणसांची. ग्रीसगनचा दाब या स्प्रिंगच्या कित्येक पट असतो. ‘भरपूर मारू’ म्हणून हातोहात दाबत राहिलं की पाठीमागचं सील बाहेर ढकललं जातं. ग्रीस ब्रेकवर सांडतं, आणि पुढच्या वेळी पाण्याला दारच उघडं. दुसरं म्हणजे नवं ग्रीस बाहेरच्या लहान बेअरिंगपाशी जमतं. मागचं मोठं बेअरिंग जुन्याच ग्रीसमध्ये बसून राहतं. आणि तिसरं, ग्रीस भरताना कपवरच्या त्या काळ्या रेघा दिसत नाहीत. त्यासाठी हब काढायलाच हवा. वर्षातून एकदा, आणि तेही वसंतात नको, हंगाम संपल्यावर. पाणी शिरलं असेल तर ते हिवाळ्याआधी निघालं पाहिजे. इथले बहुतेक लोक हे काम एप्रिलमध्ये करतात, म्हणजे गंजायचं तेवढं गंजून झाल्यावर.

‘नवीन बेअरिंग टाकलं, तरी तापतंय’

पहिले वीस-तीस किलोमीटर थोडं जास्त तापणं साहजिक आहे. ताजं ग्रीस रोलरच्या वाटेतून बाजूला व्हायला वेळ घेतं. त्यानंतर उतरायला हवं.

उतरलं नाही तर बहुधा नट. चाक फिरवत फिरवत नट आधी चांगला आवळायचा, म्हणजे सगळं जागेवर बसतं. मग पूर्ण सैल करायचा आणि नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत आणायचा. पान्याचं काम संपलं. नटाची खाच आणि एक्सलचं भोक जुळत नसेल तर किंचित सैलच्या बाजूने जुळवायचं, आवळायच्या बाजूने नाही, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून नवी स्प्लिट पिन घालायची. मोटारच्या चाकाचे नट करकचून आवळायची सवय असलेल्या माणसाला हे पटतच नाही.

दुसरी चूक कंजुषीची. कोन आणि रोलर नवे टाकतात, कप हबमध्ये घट्ट ठोकलेला असतो म्हणून जुनाच ठेवतात. जुन्या खड्ड्यांवर नवे रोलर म्हणजे उकरलेल्या रस्त्यावर नवी गाडी. कप काढायला पितळी किंवा मऊ लोखंडाचा पंच आणि थोडा धीर लागतो, एवढंच.

तिसरी, ग्रीसची भेसळ. ग्रीसमधला तो साबणासारखा पदार्थ वेगवेगळ्या जातीचा असतो आणि सगळ्या जाती एकमेकींशी पटवून घेत नाहीत. लिथियमवाल्यात पॉलियुरियावालं मिसळलं तर जाळं मोडून तेल वाहून जाऊ शकतं. जात बदलायची तर जुनं सगळं धुऊन काढा. पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरला मी कॅल्शियम सल्फोनेट जातीचं घालतो, पाण्यापुढे ते जास्त टिकतं.

वाटेतच तापलं तर?

थांबा, आणि गाडी रस्त्यापासून शक्य तितकी आत घ्या. तापलेल्या हबवर पाणी ओतू नका. रॅम्पवर जे होतं तेच इथे होईल, शिवाय तापलेलं ओतीव लोखंड अचानक थंड केलं तर तडकू शकतं. अर्धा तास वाऱ्यावर निवू द्या. मग चाक उचलून फिरवा. घरघर नसेल आणि ग्रीस शाबूत असेल, तर सावकाश पुढच्या गावापर्यंत जाता येईल, दर आठ-दहा किलोमीटरला थांबून. घरघर असेल तर एक किलोमीटरही जाऊ नका. जाळी तुटली की रोलर एका जागी गोळा होतात, हब एक्सलवर घासत जातो, आणि मग सुटलेलं चाक समोरच्याच्या काचेवर जातं.

त्या दिवशी मला दोन तास थांबावं लागलं, कारण माझ्याकडे काहीच नव्हतं. आता ट्रेलरवर एक अख्खा हब असतो, बेअरिंगं आणि ग्रीस घालून, सील बसवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्याच्या जोडीला कॅसल नट (एक्सलचा तो खाचांचा नट), दोन स्प्लिट पिन, हातोडी, पक्कड, जॅक आणि त्याखाली घालायला फळी. रस्त्याच्या कडेला बेअरिंग धुऊन ग्रीस भरत बसण्यापेक्षा हब बदलणं वीस मिनिटांचं काम आहे. बेअरिंगचा नंबर कोनवर कोरलेला असतो. तो आधीच टिपून ठेवा. इथल्या ३,५०० पौंडी एक्सलवर बहुधा बाहेरच्या बाजूला एल ४४६४९ आणि आतल्या बाजूला एल ६८१४९ असतं, पण आपल्या एक्सलवर काय आहे ते स्वतः वाचलेलं बरं.

आणि रॅम्पवर पोचल्यावर वीस मिनिटं थांबा. सामान बोटीत भरा, दोर सोडा, लाइफ जॅकेट वाटा. हे सगळं रॅम्पच्या अलीकडे, पार्किंगमध्ये करा, नाहीतर मागची रांग तुमच्या नावाने खडे फोडेल. तोवर हब निवतो.

सेकंडहँड ट्रेलर घेताना

लोक बोटीचं इंजिन तासभर तपासतात आणि ट्रेलरकडे निघताना एक नजर टाकतात. विकणाऱ्याच्या परवानगीने एक तरी चाक उचला, फिरवा, स्प्रिंगवर हात ठेवा. मग गुडघ्यांवर बसून मोबाइलचा टॉर्च चाकाच्या पाठीमागे मारा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे दिसले, तर पाठीमागचं सील गेलेलं आहे. समोरची टोपी चकचकीत आणि ग्रीसने तुडुंब असेल, आणि विकणारा अभिमानाने म्हणत असेल की कालच भरपूर ग्रीस मारलंय, तर दोन्ही हबांची बेअरिंगं, कप आणि सील यांचा खर्च किमतीतून वजा करून मागा.